विलायतेचे पेन्शन आणि ऑस्ट्रेलियातील म्हातारपण

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्याकडील बँकांच्या आणि कोषागारांच्या व्हरांड्यांत निवृत्त मंडळींची रीघ लागते. आपण अद्याप जिवंत आहोत हे सरकारला लेखी कळविण्याचा हा वार्षिक विधी. ‘हयातीचा दाखला’ या शब्दप्रयोगातील विनोद आता कोणाला जाणवतही नाही, इतका तो अंगवळणी पडला आहे. असाच एक कागद पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पर्थ शहराच्या उपनगरांत, ॲडलेडच्या उत्तरेस, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरील वसाहतींत अधूनमधून टपालाने येऊन पडतो. तो येतो ब्रिटिश सरकारच्या पेन्शन खात्याकडून. साक्षीदाराच्या सहीनिशी तो १६ आठवड्यांच्या आत परत गेला नाही, तर पेन्शन थांबविले जाते. येथवर आपल्यात आणि त्यांच्यात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते पुढे. आपल्याकडील निवृत्त शिक्षक किंवा सरकारी कारकून दाखला देतो तेव्हा मधल्या काळात त्याच्या वेतनावर महागाई भत्ता चढत गेलेला असतो. पर्थमधील इंग्रज वृद्धा दाखला देते तो मात्र अगदी त्याच रकमेसाठी, जी तिला ऑस्ट्रेलियात पहिल्या दिवशी मिळाली होती. दहा वर्षे लोटली, वीस वर्षे लोटली, तरी त्या रकमेत एका पेनीचीही भर पडलेली नसते.

ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या ब्रिटिश वृद्धांचे जीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक सुखवस्तू चित्र उभे राहते. बैठे टुमदार घर, मागे हिरवळीचा तुकडा, वर्षातील बहुतेक दिवस लखलखीत ऊन, दुपारी लॉन बोल्सचा डाव आणि भर उन्हाळ्यात घामाघूम होत साजरा केलेला नाताळ. हे चित्र खोटे आहे असे नव्हे. मँचेस्टरच्या किंवा ग्लासगोच्या ओल्या, काळवंडलेल्या हिवाळ्यात सांधे धरून बसण्यापेक्षा हे म्हातारपण पुष्कळांना खरोखरच सुखाचे वाटते आणि त्यांनी तसे म्हटले तर त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. परंतु या उन्हाच्या खाली एक हिशोब सतत चालू असतो. आपण ४० वर्षे जेथे राबलो, वर्गण्या भरल्या, त्या देशावर आपला हक्क किती आणि आपण जेथे मरणार त्या देशावर किती, असा तो हिशोब आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात रस वाटावा याचे कारण असे की, निवृत्तिवेतन ही कामगाराची मिळकत आहे की सरकारची मर्जी, हा जुना प्रश्न त्यात अगदी नग्न स्वरूपात पुढे येतो.

या मंडळींकडे पाहताना एक घोटाळा नेहमी होतो. ती सगळी एकाच प्रकारची समजली जातात. वास्तविक त्यांत दोन अगदी भिन्न वर्ग आहेत. एक, तरुणपणी गेलेल्यांचा आणि तेथेच म्हातारे झालेल्यांचा. दुसरा, म्हातारपणीच गेलेल्यांचा.

पहिल्या वर्गाचा इतिहास सर्वज्ञात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. कारखान्यांना हात हवे होते, आणि जपानी आक्रमणाच्या धास्तीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या ओसाड खंडाला लोकसंख्येचे संरक्षणही हवे होते. १९४५ साली स्थापन झालेल्या इमिग्रेशन खात्याचे पहिले मंत्री आर्थर कॅलवेल यांनी हे धोरण आखले. माणसे हवी होती, पण वाटेल ती नव्हे. १९०१ च्या कायद्याने सुरू झालेले ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’चे धोरण तेव्हा पुरते जिवंत होते, ते मोडीत निघायला १९७३ साल उजाडावे लागले. तेव्हा पहिली पसंती अर्थातच ब्रिटिशांना. प्रौढ माणसाने अवघे १० पौंड भरावेत, लहान मुलांनी फुकट यावे, उरलेला बोटीचा खर्च दोन सरकारांनी सोसावा आणि येणाऱ्याने किमान दोन वर्षे राहावे. आधी परत फिरल्यास भाडे चुकते करावे, अशी ती योजना होती. १९४७ पासून १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे १० लाख ब्रिटिश माणसे अशी गेली. १९६९ या एका वर्षात ८० हजारांहून अधिक गेली. ऑस्ट्रेलियन लोकांनी त्यांना ‘दहा पौंडी पॉम’ असे नाव ठेवले. ज्युलिया गिलार्ड आणि टोनी ॲबट हे दोन पंतप्रधान अशाच घरांतील. गिलार्ड वेल्समध्ये जन्मल्या आणि १९६६ साली आईवडिलांबरोबर ॲडलेडला आल्या. ॲबट लंडनमध्ये जन्मले आणि १९६० साली आले.

या योजनेतील बहुसंख्य माणसे मात्र पंतप्रधानांची आईबापे झाली नाहीत. ती पत्र्याच्या अर्धगोल बराकींत काही महिने राहिली, मग कारखान्याजवळच्या घरांत गेली. ॲडलेडच्या उत्तरेस १९५५ साली वसविलेले एलिझाबेथ हे गाव याचा नमुना होय. गावाला नाव राणीचे, वस्ती इंग्लंड-स्कॉटलंडची आणि रोजगार होल्डन मोटारींच्या कारखान्याचा. तो कारखाना २०१७ च्या ऑक्टोबरात बंद पडला. ज्यांनी तेथे उमेद घालविली ते तेव्हा निवृत्त होऊन गेले होते. झळ लागली ती त्यांच्या मुलानातवंडांना, आणि म्हातारपणीचा आधार म्हणून ज्यांच्याकडे पाहायचे तीच पिढी नोकरी शोधत फिरू लागली.

या पहिल्या वर्गाची दैनंदिन अडचण पैशाची कमी आणि मनाची अधिक आहे. तरुणपणीच देश सोडल्यामुळे ब्रिटनमध्ये त्यांच्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीची वर्षे थोडी. त्यामुळे तिकडचे पेन्शनही थोडे. त्यांचा मुख्य आधार ऑस्ट्रेलियाचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. ते १९०९ पासून दिले जाते आणि त्यासाठी वर्गणी लागत नाही; सामान्य करांतून ते चालते. ६७ वर्षे वय, देशातील १० वर्षांचे वास्तव्य आणि उत्पन्न-मालमत्तेची कसोटी या त्याच्या अटी. राहते घर मालमत्तेत धरले जात नाही आणि वर्षातून दोनदा, मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये, रक्कम वाढवून दिली जाते. तेव्हा या लोकांची उपासमार होते असे कोणी म्हणणार नाही.

मनाची अडचण निराळी आहे. इटालियन, ग्रीक किंवा व्हिएतनामी वृद्ध ऑस्ट्रेलियात परका म्हणून ओळखला जातो. त्याच्यासाठी दुभाषे आहेत, त्याच्या भाषेत पत्रके निघतात, त्याच्या समाजाची वृद्धाश्रमे आहेत. इंग्रजाची भाषा तीच, चेहरा तोच, राणीही १९५२ पासून २०२२ पर्यंत तीच. मग त्याला घर आठवते म्हणजे काय आठवते? अशा माणसाच्या ओढीला सरकारी रकाना नाही. जेम्स हॅमर्टन आणि ॲलिस्टर थॉमसन या इतिहासकारांनी २००५ साली या लोकांवर पुस्तक लिहिले तेव्हा त्यांना ‘ऑस्ट्रेलियाचे अदृश्य स्थलांतरित’ असे म्हटले, ते यथार्थ होय. योजनेतून आलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश परत गेले. त्यांतले पुष्कळ पुन्हा ऑस्ट्रेलियात आले, कारण ज्या गल्लीसाठी ते झुरत होते ती गल्ली तोवर बदलून गेली होती. राहिलेल्यांपैकी कोणी तक्रार केली की ‘कुरकुऱ्या पॉम’ म्हणून त्याची टिंगल ठरलेली. परिणामी तक्रार न करण्याची सवय या पिढीच्या हाडीमाशी खिळली. पेन्शनच्या प्रश्नावर ती इतकी उशिरा आणि इतक्या हळू आवाजात का बोलली, याचे एक कारण मला येथे दिसते.

दुसऱ्या वर्गाची कथा याहून अवघड आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी पर्थला अथवा ब्रिस्बेनला गेली, तेथेच घर केले, नातवंडे झाली आणि निवृत्त आईबापांनी लँकेशायरमधील घर विकून त्यांच्या मागे जायचे ठरविले. हा निर्णय आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्या-नाशिकची, सांगली-कोल्हापूरची किती घरे आज याच उंबरठ्यावर उभी आहेत! २०२१ च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांत इंग्लंडचा क्रमांक पहिला होता, ९ लाख २७ हजार. आणि दुसरा भारताचा, ६ लाख ७३ हजार. तेव्हा इंग्रज आईबापांना जी रांग लागू आहे तीच आपल्याही आईबापांना लागू आहे.

ती रांग कशी आहे? आईबापांसाठीचा साधा, स्वस्त परवाना मागितला तर प्रतीक्षा सुमारे ३० वर्षांची. ६८ व्या वर्षी अर्ज करणाऱ्याने ९८ व्या वर्षी सामान बांधावे, असा याचा अर्थ. ज्यांना थांबायचे नाही त्यांच्यासाठी दुसरी खिडकी आहे. तेथे माणशी सुमारे ४८ हजार डॉलर भरावे लागतात. आपल्या हिशोबाने माणशी २५ लाख रुपयांहून अधिक. आता त्या खिडकीपुढेही वर्षानुवर्षांची रांग लागली आहे. शिवाय मुलांपैकी किमान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात स्थायिक असली पाहिजेत, किंवा अन्य कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असली पाहिजेत, अशी ‘कुटुंबाच्या तोला’ची अट आहे. तीन मुलांपैकी दोन इंग्लंडात आणि एक पर्थला, तर दार बंद. आईचे मन कोणत्या मुलाकडे किती ओढते, याचे गणित सरकारने असे पूर्णांकांत बसविले आहे. माझ्या एका सहाध्यापकांना हा नियम कळला तेव्हा ते काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “आम्हाला एकच मुलगी, पहिल्यांदाच त्याचा फायदा झाला म्हणायचा.”

पूर्वी आणखी एक वाट होती. ५५ वर्षांवरील, स्वतःच्या पैशावर जगू शकणाऱ्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून तात्पुरते राहण्याचा परवाना मिळे. २००५ साली त्याचे नवे अर्ज बंद झाले; त्याच्या जागी आलेला गुंतवणूकदारांसाठीचा परवाना २०१८ साली बंद झाला. या वाटेने गेलेले इंग्रज पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे त्या देशात राहिले, कर भरत राहिले, पण कायद्याच्या दृष्टीने पाहुणेच राहिले. तात्पुरत्या रहिवाशाची वर्षे पेन्शनसाठी मोजली जात नाहीत. २०१८ साली त्यांच्यातील तेव्हाच्या परवानाधारकांना कायम होण्याची वाट मोकळी करून देण्यात आली. आणि ८० व्या वर्षी कायम झालेल्या माणसाने १० वर्षे मोजायची म्हणजे काय, हे सांगायला नको.

परकेपणाचे हे कलम एरवी कागदावर झोपलेले असते. २०२० च्या मार्चमध्ये ते जागे झाले. साथीमुळे ऑस्ट्रेलियाने आपली सीमा बंद केली. नागरिकालाही देशाबाहेर जाण्यास परवानगी लागू लागली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे दार तर २०२२ च्या ३ मार्चला उघडले. इंग्लंडमध्ये बहीण वारली, भाऊ वारला, आणि पर्थमधील वृद्धाने अंत्यविधी दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला, हे त्या दोन वर्षांत असंख्य घरांत घडले. पर्थला दुपारचे ४ वाजतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात सकाळचे ८ वाजलेले असतात. या आठ तासांच्या अंतराभोवती त्या घरांचा दिवस एरवीही बांधलेला असतो.

आता पेन्शनच्या मूळ मुद्द्याकडे वळू. ब्रिटनचे सरकारी पेन्शन दरसाल एप्रिलमध्ये वाढते. २०११ पासून तर वेतनवाढ, भाववाढ आणि अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ देण्याचा तेथे प्रघात आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला ती मिळते. युरोपीय संघात, स्वित्झर्लंडमध्ये, अमेरिकेत, फिलिपाइन्समध्ये, तुर्कस्तानात, जमैकात राहणाऱ्यालाही मिळते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि भारत येथे राहणाऱ्याला मिळत नाही. त्याचे पेन्शन देश सोडतानाच्या, किंवा परदेशात ते प्रथम सुरू झाल्याच्या, दिवशीच्या आकड्यावर गोठते. जगभर असे गोठलेले पेन्शनर साडेचार लाखांहून अधिक आहेत आणि त्यांतील जवळजवळ निम्मे एकट्या ऑस्ट्रेलियात आहेत. नायगारा धबधब्याच्या अमेरिकन काठावर राहणाऱ्या इंग्रजाला वाढ आणि समोरच्या कॅनडाच्या काठावर राहणाऱ्याला नाही, हे उदाहरण तिकडे वारंवार दिले जाते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

याचा एका संसारावर काय परिणाम होतो ते आकड्यांत पाहावे. समजा, लीड्समधील एका दुकानात कारकुनी केलेली, वर्गणीची सर्व वर्षे पूर्ण केलेली एक बाई २००० साली वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त झाली आणि त्याच वर्षी मुलीकडे पर्थला गेली. तिला आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्स मिळू लागले. लीड्समध्येच राहिलेल्या तिच्या मैत्रिणीला २०२५-२६ या वर्षी १७६ पौंड ४५ पेन्स मिळाले. पर्थमधील बाईला ६७ पौंड ५० पेन्सच. वर्गणी तीच, वर्षे तीच. वर्षाचा फरक साडेपाच हजार पौंडांच्या वर. त्यातच हुंडणावळीचा खेळ. २००० साली एका पौंडाचे सुमारे २.६ ऑस्ट्रेलियन डॉलर येत, म्हणजे तिच्या हाती १७५ डॉलर पडत. २०१२-१३ च्या सुमारास पौंड दीड डॉलरपर्यंत उतरला तेव्हा तेच पेन्शन १०० डॉलर झाले. २०२५ मध्ये पौंड दोन डॉलरच्या आसपास होता. म्हणजे १३५-१४० डॉलर. या २५ वर्षांत ऑस्ट्रेलियातील किंमतपातळी मात्र सुमारे दुप्पट झाली. म्हणजे तिच्या पेन्शनची खरी किंमत मूळच्या निम्म्याहूनही खाली गेली. हे मुकाट्याने झाले. कोणी तिच्या वेतनात कपात केली नाही. फक्त वाढ केली नाही.

गोठवणुकीचे सर्वांत क्रूर वैशिष्ट्य हेच आहे की, ती वयाबरोबर वाढत जाते. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी माणूस धडधाकट असतो आणि फरक नगण्य असतो. ८५ व्या वर्षी औषधे, मदतनीस, वातानुकूलनाचे वीजबिल हे सगळे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी फरक सर्वांत मोठा झालेला असतो. स्त्रिया अधिक जगतात. साहजिकच या नियमाचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. अशा घरांत आधी दूरचा प्रवास जातो, मग मोटार जाते, मग खासगी आरोग्यविमा. आणि शेवटी मुलीपुढे हात पसरावा लागतो. जिने मुलीला मदत व्हावी म्हणून देश सोडला, तिच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पा सर्वांत जड जातो.

ब्रिटिश सरकारने वाचविलेला हा पैसा जातो कोठे, याचाही विचार केला पाहिजे. १० वर्षे पुरी झालेल्यांना ऑस्ट्रेलियाचे पेन्शन मिळते, पण ब्रिटनचे पेन्शन त्यात उत्पन्न म्हणून धरले जाते आणि ठरावीक मर्यादेपलीकडील प्रत्येक डॉलरमागे ५० सेंट कापले जातात. याचा अर्थ असा की, ब्रिटनने वाढ दिली असती तर तिच्यातील साधारण निम्मी रक्कम ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीची बचत ठरली असती. ब्रिटन देत नाही म्हणून ती ऑस्ट्रेलियाचा करदाता भरतो. एका देशाने काम करवून घ्यावे आणि दुसऱ्याने म्हातारपण सांभाळावे, असा हा व्यवहार झाला. ऑस्ट्रेलिया त्यावर चिडला नसता तरच नवल. वर्षानुवर्षे विनंत्या करून झाल्यावर २००१ च्या १ मार्चपासून त्याने ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षेचा परस्पर करारच रद्द केला. परंतु या करारामुळे नव्याने आलेल्या इंग्रज वृद्धाला ब्रिटनमधील वर्षे दाखवून १० वर्षांच्या अटीतून सूट मिळत असे. ती सवलत त्याबरोबर बुडाली. लंडनला धडा शिकविण्यासाठी उगारलेली छडी बसली ती त्यानंतर आलेल्या म्हाताऱ्यांच्याच पाठीवर. लंडन जागचे हलले नाही.

प्रकरण न्यायालयातही गेले. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सने २००५ साली फेटाळला. त्यांच्यासह १३ जण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. तेथेही २०१० च्या मार्चमध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांची हार झाली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, राष्ट्रीय विम्याची वर्गणी हा खासगी विम्याचा हप्ता नव्हे. तिच्यातून तुमच्या नावावर रक्कम साठत नाही. ती त्या त्या काळच्या सामाजिक खर्चाला लावली जाते. म्हणून ब्रिटनमध्ये राहणारा आणि बाहेर राहणारा यांची तुलनाच होऊ शकत नाही. कोठल्या देशाशी करार करायचा हा सरकारच्या धोरणाचा भाग होय.

वर्गात सार्वजनिक आयव्यय शिकविताना मी हा भाग दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतो, “मग सर, त्यांनी भरलेले पैसे गेले कोठे?” ते त्यांच्या आईबापांच्या पेन्शनमध्ये गेले, हे त्याचे खरे उत्तर. आजचा कामगार कालच्या कामगाराला पोसतो आणि उद्याचा त्याला पोसेल, या पिढ्यांमधील वचनावर ही रचना उभी आहे. तेव्हा ‘हप्ता नव्हे’ हा न्यायालयाचा मुद्दा अर्थशास्त्रदृष्ट्या बरोबर आहे असे मला वाटते. चुकते ते पुढचे पाऊल. साठलेली रक्कम नाही म्हणून हक्क नाही, असे म्हटले तर मुळात गोठलेले ६७ पौंड तरी कशासाठी द्यायचे? आणि फिलिपाइन्समधील इंग्रजाला वाढ कशासाठी? शिवाय ब्रिटनच्या सरकारी नोकराचे सेवानिवृत्तिवेतन तो जगाच्या पाठीवर कोठेही राहो, वाढत जाते. गोठते ते सर्वसामान्य कामगाराचे. यात तत्त्व शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ज्या देशांशी कधीकाळी करार झाले त्यांना मिळाले, बाकीच्यांचे राहिले, आणि आता देणे महाग पडते, एवढाच त्याचा इतिहास.

महाग म्हणजे किती? सर्वांना पूर्ण वाढ द्यायची तर वर्षाला एक अब्ज पौंडांच्या आसपास. आणि ब्रिटनचा सरकारी पेन्शनवरील एकूण खर्च वर्षाला सव्वाशे अब्ज पौंडांहून अधिक आहे. मागचे राहू द्या, निदान येथून पुढची वाढ आहे त्या रकमेवर द्या, ही पेन्शनरांची तडजोडीची मागणी तर याच्या एका अंशात भागते. दुसऱ्या बाजूला, परदेशी गेलेला वृद्ध ब्रिटनच्या सरकारी इस्पितळात खाट अडवीत नाही, तेथल्या नगरपालिकेकडे मदतनीस मागत नाही. ही बचत हिशोबात कोणी धरीत नाही.

हुजूर पक्ष असो की मजूर पक्ष, सत्तेवर आल्यावर दोघांचे उत्तर एकच राहिले आहे. याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, मतदारयादीत आहे. देश सोडून १५ वर्षे झालेल्या ब्रिटिश नागरिकाचा मताधिकार जात असे. म्हणजे पेन्शन खऱ्या अर्थाने बोचू लागेपर्यंत मत निघून गेलेले. २०२२ च्या कायद्याने ही मर्यादा उठविली आणि २०२४ च्या जानेवारीपासून ती अमलात आली. त्या वर्षीच्या ४ जुलैच्या निवडणुकीत या लोकांना प्रथमच मत देता आले. पण त्यांचे मत ते ब्रिटनमध्ये शेवटी जेथे राहत होते त्या मतदारसंघात पडते. ६५० मतदारसंघांत विखुरलेली ही मते कोणाही खासदाराची झोप उडवू शकत नाहीत. संघटित आणि एका जागी राहणाऱ्यांचे हित राखले जाते, विखुरलेल्यांचे नाही, हा नियम साखरेच्या भावाला लागू आहे तसाच येथेही लागू आहे.

भारताचे नाव या यादीत आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. ब्रिटनच्या इस्पितळांत, बसगाड्यांवर, कापडगिरण्यांत आयुष्य घालवून उतारवयात मायदेशी परतलेल्या भारतीयाचे पेन्शनही तसेच गोठते. २०२५ साली भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. तात्पुरत्या कामावर गेलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये, असे त्याबरोबर ठरले. त्याचे आपल्याकडे रास्त कौतुकही झाले. तो नोकरी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या कंपन्यांचा लाभ आहे. परतलेल्या म्हाताऱ्याचा विषय त्या टेबलावर नव्हता. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली ब्रिटनबरोबर केलेल्या व्यापार करारातही तो नव्हता. अर्थात ब्रिटनकडे बोट दाखविताना आपल्याच भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेचे भान ठेवलेले बरे. खासगी कारखान्यात आयुष्य काढलेल्यांना २०१४ साली किमान १००० रुपयांची हमी देण्यात आली, पण ती महागाईशी जोडण्यात आली नाही. त्या पेन्शनराला गोठण्यासाठी पर्थला जाण्याचीही गरज पडली नाही.

ब्रिटिश सरकारचे म्हणणे असे की, हा भेद माणसामाणसांतला नव्हे, वास्तव्याचा आहे. तो किती काटेकोरपणे पाळला जातो हे नियमांत पाहण्यासारखे आहे. पर्थमधील ती वृद्धा सहा आठवड्यांसाठी बहिणीकडे लीड्सला गेली आणि तिने पेन्शन खात्याला तसे कळविले, तर तेवढ्या सहा आठवड्यांपुरते तिला चालू दराने, मैत्रिणीइतके, पेन्शन मिळते. परतीचे विमान पर्थला उतरले की आकडा पुन्हा ६७ पौंड ५० पेन्सवर येतो.